माहिती तुमची, सिद्धांत आमचा



पत्रिका हातात पडल्यावर काही परिचितांनी मला विचारले, की अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या कृष्णवर्णीय मानवशास्त्रज्ञांची हकिगत मराठी श्रोत्यांना कशासाठी सांगायची? प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर मी शेवटपर्यंत राखून ठेवणार नाही. या हकिगतीत दोन माणसे आपली आहेत. एक न्यूयॉर्कला गेलेले, दुसऱ्या बर्लिनला गेलेल्या. दोघांची नावे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहेत. पण ती दोघे जगातल्या ज्या विद्वानांच्या सोबतीने एकाच शास्त्राशी झगडली, ते विद्वान आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांची ओळख करून द्यावी आणि मग आपल्या दोघांकडे त्या सोबतीत पुन्हा पाहावे, एवढाच आजचा बेत आहे.

आधी या शास्त्राचा जन्म कसा झाला ते पाहू. फिलाडेल्फिया शहरात सॅम्युएल मॉर्टन नावाचे डॉक्टर जगभरातून माणसांच्या कवट्या गोळा करत होते. कवटीत बारीक बिया भरायच्या, त्या ओतून घ्यायच्या आणि मोजायच्या. बियांचे माप दर वेळी सारखे येत नाही असे दिसल्यावर बियांऐवजी शिशाचे छर्रे आले. त्या आकड्यांवरून कोणता वंश वर, कोणता खाली, याची उतरंड रचली गेली. अमेरिकेतल्या कवट्यांवरचे त्यांचे मोठे पुस्तक १८३९ चे. पुढे १८५९ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी मानवशास्त्राची संस्था काढली. तिथेही कॅलिपर, टेप आणि तक्ते. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले यांनी जातीजातींच्या माणसांची नाके मोजली, नाकाची रुंदी आणि सामाजिक दर्जा यांची सांगड घातली, आणि तेच १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले.

या शास्त्रात जागा दोनच होत्या. एक कॅलिपर धरणाऱ्याची. दुसरी डोके पुढे करणाऱ्याची. पहिल्या जागेवर युरोपियन आणि अमेरिकन गोरे, दुसऱ्या जागेवर उरलेले सारे जग. आता विचार करा, दुसऱ्या जागेवरचा माणूस एक दिवस उठला, शिकला, पदवी घेऊन आला आणि म्हणाला, कॅलिपर माझ्याकडे द्या. तेव्हा काय झाले असेल?

काय झाले ते सांगायला मी पॅरिसपासून सुरुवात करते. हैती हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये तो फ्रेंचांच्या हातून सोडवून घेतला. तिथले एक वकील आणि राजकारणी, आंतेनोर फिर्मँ, पॅरिसमध्ये राहत असताना १८८४ साली ब्रोकांच्या त्या संस्थेचे सभासद झाले. सभांना जाऊन बसू लागले. तिथे काय ऐकायला मिळत असेल? आपल्याच वंशाचा मेंदू कसा हलका, हे कोणीतरी तक्ते लावून शांतपणे सांगत आहे, आणि आपण सभासद म्हणून ते ऐकून घेत आहोत! फिर्मँ यांनी त्या तक्त्यांनाच हात घातला. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, मानववंशांच्या समतेवर त्यांचे साडेसहाशे पानांचे पुस्तक निघाले. गोबिनो या फ्रेंच लेखकाने तीस वर्षांपूर्वी वंशांच्या विषमतेवर ग्रंथ लिहिला होता, त्याला हे उत्तर. पण उत्तर कसे? भावनेला हात घालणारे नव्हे. ब्रोका आणि त्यांच्या अनुयायांचीच मोजमापे घेऊन फिर्मँ यांनी दाखवून दिले, की एका वंशाचे आकडे दुसऱ्या वंशाच्या आकड्यांत मिसळतात, रेषा कुठेच ओढता येत नाही, आणि तरीही जी रेषा ओढली जाते ती मोजण्याआधीच डोक्यात तयार असते.

संस्थेने या पुस्तकाचे काय केले? पोच दिली. चर्चा केली नाही. आणि एका सभेत फिर्मँ बोलायला उभे राहिले तेव्हा एका सभासदाने त्यांना विचारले, की तुमच्या पूर्वजांत कोणी गोरे होते का? मित्रहो, या प्रश्नापाशी जरा थांबू या. समोरचा माणूस तुमच्याच आकड्यांनी तुमचे गृहीतक खोटे ठरवतो आहे, आणि तुम्ही शोधता काय, तर एवढी बुद्धी या माणसात कोणत्या रक्ताने आली! त्याच्या युक्तिवादाला उत्तर नसले की त्याच्या वंशावळीत शिरायचे. ते पुस्तक इंग्रजीत यायला २००० साल उजाडले. एकशे पंधरा वर्षे.

आता अटलांटिक ओलांडू. हार्वर्डमधून पीएच.डी. मिळवणारे पहिले आफ्रिकन अमेरिकन विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. त्यांना १८९६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने फिलाडेल्फियातल्या, म्हणजे मॉर्टनच्या त्याच गावातल्या, कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करायला बोलावले. नवी नवरी घेऊन ते त्या वस्तीतच राहिले, दारोदार फिरले, हजारो लोकांशी बोलले, आणि १८९९ मध्ये त्यातून अमेरिकन शहरी समाजशास्त्राचा पाया ठरावा असा ग्रंथ निघाला. विद्यापीठाने त्यांना वर्ग दिला नाही, शिकवायला विद्यार्थी दिले नाहीत. काम झाले, आणि त्यांना निरोप मिळाला. ते अटलांटाला गेले आणि कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात तुटपुंज्या पैशांवर वर्षानुवर्षे संशोधन करत राहिले.

याच ड्यू बॉइस यांना १९४६ मध्ये दादरच्या राजगृहातून एक पत्र गेले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी मागवली होती, कारण अस्पृश्यांसाठी तसाच मार्ग चोखाळता येईल का हे त्यांच्या मनात घोळत होते. ड्यू बॉइस यांनी लगोलग उत्तर पाठवले, आपले नाव मला चांगलेच परिचित आहे असे कळवले. पण बाबासाहेबांची या जगाशी ओळख त्याच्या तीस वर्षे आधीची आहे, आणि ती मानवशास्त्राच्याच वर्गातली आहे. तिकडे वळते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रांझ बोआस प्राध्यापक होते. जर्मनीतून आलेले ज्यू. वंशावरून बुद्धी ठरते या मताविरुद्ध अमेरिकेत सगळ्यात नेटाने कोणी लढले असेल तर बोआस यांनी. अटलांटाच्या पदवीदान समारंभात १९०६ मध्ये ड्यू बॉइस यांनी त्यांना बोलावले तेव्हा त्यांनी आफ्रिकेच्या प्राचीन संस्कृतींचा इतिहास तिथल्या तरुणांपुढे मांडला होता. त्यांचा मोठेपणा मी मनापासून मानते. आणि तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी. १८९७ मध्ये ग्रीनलंडमधून सहा इन्युइट माणसे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आणली गेली. बोआस तेव्हा तिथे काम करत होते. त्यांतली चार माणसे काही महिन्यांतच वारली. त्यांतल्या एकाचा लहान मुलगा, मिनिक, याच्या समाधानासाठी बापाचा खोटा दफनविधी करण्यात आला आणि सांगाडा संग्रहालयातच राहिला. मुलाला हे मोठेपणी कळले. ती हाडे ग्रीनलंडला परत गेली १९९३ मध्ये. चांगल्या माणसांच्या हातूनही हे घडत होते, कारण त्या शास्त्रात दुसऱ्या जागेवरचा माणूस हा मुळात सामग्रीच होता.

या कोलंबियात बाबासाहेब १९१३ साली पोहोचले. बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला. वय पंचवीस. निबंधात काय आहे? जात म्हणजे स्वतःभोवती दार लावून घेतलेला वर्ग, आणि ते दार म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. मग एखाद्या बंदिस्त गटात नवरा किंवा बायको मेली की जोडीदाराविना राहिलेल्या माणसाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या प्रश्नाची क्रूर उत्तरे आहेत. एवढ्या काटेकोरपणे, एकाच सूत्रातून, तीन वेगवेगळ्या प्रथांचा उलगडा त्या काळी कोणी केला होता? माझ्या वाचनात तरी नाही.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आजच्या विषयाच्या मुळाशी जाते. युरोपियन अभ्यासकांनी जातीच्या उगमात रंगाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले, कारण त्यांच्या स्वतःच्या मनात रंगाचा पूर्वग्रह भिनलेला होता. हे कोण बोलतो आहे? ज्याला शाळेत वर्गाबाहेरच्यासारखे बसवले गेले तो. कुठे बोलतो आहे? त्या शास्त्राच्या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या केंद्रात. तो स्वतःच्या दुःखाची साक्ष देत नाही, समोरच्या विद्वानांच्या नजरेतला दोष दाखवतो. निरीक्षण करणाऱ्याचेच निरीक्षण. हे १९१६ मध्ये.

बाबासाहेबांनंतर नऊ वर्षांनी, १९२५ मध्ये, कोलंबियाला जोडलेल्या बर्नार्ड या मुलींच्या कॉलेजात झोरा नील हर्स्टन दाखल झाल्या. सबंध कॉलेजात त्या एकट्याच कृष्णवर्णीय. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या गावच्या. गाव सगळे कृष्णवर्णीयांचे, महापौरही त्यांचाच. बोआस यांनी त्यांना हेरले. १९२६ मध्ये हर्स्टन हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या रस्त्यावर कॅलिपर घेऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून त्यांच्या डोक्याची मापे घेऊ लागल्या. त्यांचे मित्र कवी लँग्स्टन ह्यूज यांनी लिहून ठेवले आहे, की दुसऱ्या कोणी हे केले असते तर लोकांनी बोलणी ऐकवली असती. झोरापुढे लोक मुकाट्याने डोके पुढे करत. कशासाठी होती ही मापे? कृष्णवर्णीयांच्या मेंदूबद्दल पसरवलेली मते खोडण्यासाठी. मॉर्टनचेच हत्यार, पण हातही वेगळा आणि हेतूही वेगळा.

मग त्यांना लोककथा गोळा करायला दक्षिणेत पाठवले. पहिली खेप फसली. बर्नार्डच्या शुद्ध उच्चारांत त्या विचारत फिरल्या, की आपल्याला काही लोककथा येतात का, आणि लोक म्हणत, इकडे नाही हो, पलीकडच्या तालुक्यात बघा. दुसऱ्या वेळी पोक काउंटीतल्या लाकूडतोड्यांच्या वस्तीवर गेल्या. झकपक शेव्हरोले गाडी पाहून लोकांना वाटले ही पोलिसांची हेर. नाचाच्या रात्री सगळ्या बायकांच्या अंगावर टपालाने मागवलेले एक डॉलर अठ्ठ्याण्णव सेंटचे कपडे, आणि यांच्या अंगावर मेसीज या बड्या दुकानातला बारा डॉलर चौऱ्याहत्तर सेंटचा. त्या कपड्याचा त्यांना मनातून संताप आला. शेवटी आपण चोरटी दारू विकणारी असून पोलिसांपासून पळत आहोत असे सांगितल्यावर वस्तीने त्यांना जवळ केले. १९३५ मध्ये आलेल्या पुस्तकात हे सारे आहे, कपड्यांच्या किमतीसकट. म्हणजे गोळा केलेली कथा आहे, ती कोणी सांगितली, कोणत्या भांडणात सांगितली तेही आहे, आणि ती गोळा करणारी बाईही लपलेली नाही. तेव्हाच्या शास्त्राला हे शास्त्र वाटले नाही. पन्नास वर्षांनी त्याच शास्त्रात हीच पद्धत मोठ्या गौरवाने आली, आणि ती आणणाऱ्यांना हर्स्टनची आठवण फार उशिरा झाली.

त्या पुस्तकाला प्रस्तावना बोआस यांची. आपुलकीने लिहिलेली. पण स्तुती कशाची आहे ते पाहा. ही बाई त्या लोकांतली असल्यामुळे गोऱ्या माणसापासून ते जे लपवतात ते तिला पाहायला मिळाले, म्हणजे कौतुक आहे ते तिला आत शिरता आले याचे. ती जे समजून घेते आहे, मांडते आहे, त्याबद्दल फारसे नाही. इथे मला या सगळ्या हकिगतीचे सूत्र सापडते. माहिती तुमची, सिद्धांत आमचा. दार बंद नव्हते हे लक्षात घ्या. बाहेर ठेवणे सोपे असते, ते दिसते, त्याविरुद्ध लढता येते. इथे आत घेतले गेले, पण मदतनीस म्हणून, माहितगार म्हणून, दुभाषा म्हणून. स्वतःच्या समाजाबद्दलचे तुमचे ज्ञान हा तुमचा अनुभव धरला गेला. तेच ज्ञान दुसऱ्याने तुमच्याकडून घेतले, की ते संशोधन झाले.

हर्स्टन यांच्या फिरतीचा खर्च एका श्रीमंत गोऱ्या बाईंनी उचलला. महिना दोनशे डॉलर, आणि करार असा, की जमवलेली सगळी सामग्री बाईंच्या मालकीची. स्वतःच्या गावाच्या गोष्टी छापायला स्वतःलाच परवानगी लागणार! पीएच.डी.साठी एका निधीने दोन वर्षांची शिष्यवृत्ती जाहीर केली आणि नंतर ती काही महिन्यांवर आणली. पदवी राहिली ती राहिलीच. आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या शेवटच्या गुलामांपैकी एक, कुजो लुइस, यांच्याशी त्यांनी १९२७ च्या सुमाराला बोलून केलेले पुस्तक प्रकाशकाने परत केले, कारण म्हाताऱ्याची बोली बदलायला त्या तयार नव्हत्या. ते छापून आले २०१८ मध्ये. हर्स्टन १९६० मध्ये फ्लोरिडातल्या गरिबांच्या आश्रमात वारल्या होत्या, आणि कबरीवर नावही नव्हते. लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७३ मध्ये रानगवतात शिरून ती कबर शोधली आणि तिच्यावर शिळा बसवली.

हे एकट्या हर्स्टन यांचे नाही. डकोटा समाजाच्या एला डेलोरिया यांनी बोआस यांच्यासाठी आपल्या भाषेचे आणि कथांचे डोंगराएवढे काम केले, आयुष्यभर पैशांची ओढाताण सोसली, आणि त्यांची कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये निघाली. कॅरोलाइन बाँड डे या ड्यू बॉइस यांच्या विद्यार्थिनी. त्यांनी हार्वर्डसाठी मिश्र वंशाच्या साडेतीनशेच्या आसपास कुटुंबांचा अभ्यास केला. स्वतःच्या नातेवाइकांची मापे, छायाचित्रे, केसांच्या बटा. कुटुंबे सहजासहजी तयार होत नसत, आणि का व्हावीत? त्या मापांचा आजवर काय उपयोग झाला होता हे त्यांना माहीत होते. बाईंच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. हा विश्वास कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, पण तो नसता तर तो तक्ताच झाला नसता.

विल्यम माँटेग्यू कॉब यांची गोष्ट थोडी आनंदाची आहे, म्हणून ती सांगायला मला आवडते. शारीरिक मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले आफ्रिकन अमेरिकन, साल १९३२. त्या काळी कृष्णवर्णीय धावपटू शर्यती जिंकू लागले होते, आणि लगेच विद्वान सांगू लागले, की त्यांची टाच लांब असते, पोटरी वेगळी असते. म्हणजे हरले तर वंशामुळे आणि जिंकले तरीही वंशामुळे. कॉब यांनी काय करावे? त्यांनी जेसी ओवेन्सला बोलावले आणि त्याचे पाय मोजले. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाची पोटरी त्या विद्वानांच्याच व्याख्येनुसार गोऱ्या घडणीची निघाली! कॉब यांचा लेख १९३६ चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओवेन्सने हिटलरच्या बर्लिनमध्ये चार सुवर्णपदके जिंकली.

बर्लिनचे नाव निघाले आहे, तर आता आपल्या इरावतीबाईंकडे वळू.

इरावती कर्वे. जन्म १९०५, ब्रह्मदेशात. वाढल्या पुण्यात, रँग्लर परांजप्यांच्या घरी. मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली एम.ए. केले. सासरे महर्षी कर्वे यांचा विरोध असताना, कर्ज काढून, त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तिथे डालेम उपनगरात १९२७ मध्ये मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची संस्था निघाली होती, आणि तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. हे फिशर १९०८ मध्ये जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून आले होते, आणि वंशांच्या मिश्रणाविरुद्धचे त्यांचे लेखन पुढे नाझींच्या कामी आले. अशा माणसाच्या हाताखाली आपली चोविशी-पंचविशीतली मुलगी पीएच.डी. करत होती.

विषय मिळाला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. फिशर यांची अटकळ अशी, की युरोपियनांच्या कवटीत ही विषमता विशिष्ट प्रकारची असते आणि तिचा संबंध त्यांच्या वरचढ बुद्धीशी आहे. इरावतीबाईंपुढे कवट्या ठेवल्या गेल्या, त्यांत जर्मन वसाहतींतून उचलून आणलेल्याही होत्या. एकशे एकोणपन्नास कवट्या. एकेक हातात घ्यायची, दोन्ही बाजू मोजायच्या, लिहायचे. या कवट्या आल्या कशा, ही माणसे मेली कशी, हे कोणत्या चिठ्ठीवर लिहिलेले असणार? मोजून झाल्यावर त्यांनी निष्कर्ष लिहिला, की या विषमतेचा वंशाशी संबंध नाही. मार्गदर्शकाच्या संस्थेत, मार्गदर्शकाच्या भाषेत, मार्गदर्शकाच्या अटकळीविरुद्ध. प्रबंध १९३१ मध्ये निघाला. पदवी मिळाली; श्रेणी उत्तीर्ण होण्यापुरतीच होती असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

मला या बाईंच्या धैर्याचे मोल फार वाटते. त्यांनी भाषण केले नाही, सभा घेतली नाही. आकडे जे सांगत होते ते लिहिले. पुढे त्याच संस्थेकडे आउश्विट्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर योझेफ मेंगेले नमुने पाठवत होता, आणि २०१४ मध्ये त्या परिसरात खोदकाम करताना माणसांची हाडे निघाली. हे आठवले की १९३१ चा तो निष्कर्ष कोणत्या घरात बसून लिहिला गेला हे कळते.

आणि आता, मित्रहो, एक अवघड गोष्ट. इरावतीबाई परत आल्या, डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि कॅलिपर घेऊन महाराष्ट्रभर फिरल्या. बर्लिनमध्ये त्या परक्या वंशाच्या होत्या. इथे त्या चित्पावन घरातल्या विदुषी होत्या आणि समोर कातकरी, भिल्ल, महार. एकाच माणसाची एका देशात दुसरी जागा आणि दुसऱ्या देशात पहिली. बाईंचे मोठेपण असे, की त्यांनी हे स्वतःपासून लपवले नाही. पंढरीच्या वारीवरचा त्यांचा निबंध आठवा. विठ्ठलाच्या वाटेवर चालतानाही ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे पाहून त्यांना झालेला त्रास त्यांनी लिहिला, आणि स्वतः कुठे बसल्या तेही लिहिले. हाच निबंध १९६२ मध्ये इंग्रजीत, अमेरिकेतल्या विद्वानांच्या नियतकालिकात आला. पोक काउंटीतल्या नाचात स्वतःच्या कपड्याची किंमत सांगणाऱ्या हर्स्टन आणि वारीतल्या पंगतीत स्वतःची जागा सांगणाऱ्या इरावतीबाई मला बहिणी वाटतात.

अमेरिकेत एक मुक्काम अजून आहे. अ‍ॅलिसन डेव्हिस हे कृष्णवर्णीय मानवशास्त्रज्ञ आणि बर्ली गार्डनर हे गोरे मानवशास्त्रज्ञ, दोघेही आपापल्या पत्नींसह १९३३ मध्ये मिसिसिपीतल्या नॅचेझ गावात राहायला गेले. एक जोडपे गोऱ्यांमध्ये, दुसरे कृष्णवर्णीयांमध्ये. अभ्यास एकच, पण गावात दोघांनी सहकारी म्हणून दिसणे जिवावर बेतले असते. टिपणे पडताळायची तर गाडी काढायची, गावाबाहेरच्या आडवाटांनी फिरायचे आणि गाडीतच बोलायचे. या अभ्यासाचा ग्रंथ १९४१ मध्ये आला आणि त्याने अमेरिकेतल्या वर्णभेदाला नाव दिले ते जातीचे. ऑलिव्हर कॉक्स या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला. भारतातली जात लोकांनी मुकाट्याने मान्य केलेली आहे आणि अमेरिकेतला वर्णभेद तसा नाही, असे त्यांचे म्हणणे. जात कोणी मुकाट्याने मान्य केली हे चवदार तळ्यावर गेलेल्यांना विचारायला हवे होते. कॉक्स मोठे विद्वान, पण या जागी ते चुकले असे माझे स्पष्ट मत आहे.

डेव्हिस यांना १९४२ मध्ये शिकागो विद्यापीठाने नेमले, तेव्हा ते गोऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणार का यावर खल झाला, पगाराचा वाटा एका बाहेरच्या निधीने उचलावा लागला, आणि प्राध्यापकांच्या क्लबाचे दार त्यांना काही वर्षे बंद होते. जातीवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या विद्यापीठात जेवायला जागा नव्हती.

आता घरी येऊ. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावर ग्रंथ लिहिला. अस्पृश्य वेगळ्या वंशाचे म्हणून अस्पृश्य झाले हे मत त्यांना तपासायचे होते. त्यांनी काय केले? घुर्यांनी जमवलेली नाकांची मापे घेतली. रिस्ले यांच्याच पद्धतीची मापे. त्यांवरून दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश या मापांनी वेगळा पाडता येत नाही. आंतेनोर फिर्मँ यांनी ब्रोकांच्या तक्त्यांचे जे केले तेच बाबासाहेबांनी नाकांच्या तक्त्याचे केले. दोघांच्या मध्ये त्रेसष्ट वर्षे.

पण आपल्या विद्यापीठांतही माहिती एकाची आणि सिद्धांत दुसऱ्याचा, हे आजही चालूच आहे. महाराष्ट्रातून पुढे आलेले विचारवंत गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये हाच प्रश्न भारतीय समाजशास्त्रांना विचारला. सिद्धांत मांडण्याचे काम वरच्या जातींचे आणि आकडे, अनुभव, साक्षी पुरवण्याचे काम दलित-बहुजनांचे, अशी वाटणी आपल्या विद्वत्तेत आहे, असे त्यांनी लिहिले. वाद झाला, अजून चालू आहे. दलित विद्यार्थ्याला संशोधनाचा विषय सुचवताना आजही सहज म्हटले जाते, तुझ्याच समाजावर कर, तुला माहिती सोपी जाईल. सुचवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण त्या मुलाला पोर्तुगीजांच्या चर्चवर किंवा अमेरिकेतल्या बँकांवर लिहायचे असेल तर? आणि स्वतःच्या समाजावर लिहायचे असेल तरी त्याचे लेखन सिद्धांत म्हणून वाचले जाणार आहे, की साक्ष म्हणून?

तिकडे अमेरिकेत आता काही हालचाल दिसते. फे हॅरिसन यांनी १९९१ मध्ये मानवशास्त्राला वसाहतवादातून सोडवण्याची मागणी करणारा ग्रंथ काढला आणि पुढे कृष्णवर्णीय पूर्वसूरींची चरित्रे इतरांच्या साथीने जमवली. फिर्मँ, हर्स्टन, कॉब, डेव्हिस आता विद्यार्थ्यांच्या हातात पडतात ते अशाच चिवट लोकांमुळे. फिलाडेल्फियात मॉर्टनच्या संग्रहातल्या एकोणीस कृष्णवर्णीय माणसांच्या कवट्या २०२४ मध्ये दफनभूमीत नेण्यात आल्या. ज्या विद्यापीठाने ड्यू बॉइस यांना वर्ग दिला नाही त्याच विद्यापीठाच्या संग्रहालयातून.

आपल्याकडे काय करता येईल, याबद्दल माझ्या दोन साध्या मागण्या आहेत. अभ्यासमंडळांवर काम करणारी काही मंडळी समोर बसली आहेत, म्हणून नाव न घेता त्यांच्याकडेच मागते. बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध आपण साधारणतः आंबेडकरांचे विचार अशा शीर्षकाखाली ठेवतो. तो मानवशास्त्राच्या सिद्धांताच्या पेपरात घ्या, नातेसंबंध आणि विवाहसंस्था जिथे शिकवतो तिथे, घुर्ये आणि इरावतीबाईंच्या शेजारी, आणि त्याच्यावर परीक्षेत तसेच प्रश्न काढा. दुसरे, फिर्मँ यांचा ग्रंथ मराठीत आणा. फ्रेंच येणारी माणसे पुण्या-मुंबईत आहेत, इंग्रजी भाषांतर हाताशी आहे. साडेसहाशे पाने आहेत, दोघा-तिघांनी मिळून केली तर काही वर्षांचे काम आहे. यात उतरायची तयारी असलेले तरुण या सभागृहात असतील तर सभा संपल्यावर मला जरूर भेटा.